अकरा नंबरचा प्लॉट

"इथं उभी राहा. झाडाला पाठ लाव," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. मागं किंजळाचं खरबरीत खोड.

"आता हिची छाती जिथं येते तिथं खूण कर."

साहेबांचा मदतनीस खडू घेऊन पुढं आला. लांबवर दगडावर बसलेला ड्रायव्हर फिदीफिदी हसला. साहेब हसले नाहीत. ते हातातल्या फॉर्मकडं बघत होते. त्यांना त्यात हसण्यासारखंही काही वाटलं नव्हतं. खडू माझ्या दंडाला घासून खोडावर ओढला गेला. मी समोरच्या कारवीकडं बघत राहिले. पुढचं झाड. परत पाठ लाव. परत खडू. अशी नऊ झाडं.

तेव्हा मी बावीस वर्षांची. बारावी पास. शाहूवाडीच्या डोंगरातली आमची वाडी, गावापासून अलग, ओढ्याच्या पलीकडं. अलग का, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. बा जंगलखात्याकडं रोजावर होता. वणवा अडवायला जाळपट्टे काढायचा, लागला तर विझवायचा. साल चाचपून झाडाचं नाव सांगायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. देशभरच्या जंगलाची मोजणी चालली होती. नकाशावर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपक्याशी जाऊन दोरीनं चौकोन, म्हणजे प्लॉट, आखायचा, आतलं झाडन् झाड मोजायचं. जात, घेर, रोपं किती, वणव्याच्या खुणा, तोडीच्या खुणा. त्या आकड्यांवरनं ठरणार होतं कुठं किती जंगल राहिलंय, कुठं राखायचं, कुठं झाडं लावायची. बानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "आपल्या डोंगराचं नाव दिल्लीला जाणार हाय," म्हणाला. मला फीत धरायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाले. तसलं 'बरं' मी शाळेपासून ऐकत आले होते.

झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा असतो. सगळीकडं तसाच. कागदावर त्याला छातीची उंची म्हणतात. त्याला खुणेची काठी असते. त्या दिवशी काठी जीपमध्ये राहिली, आणि जीप अर्ध्या तासावर. खाली जायचा कंटाळा. म्हणून मी.

आणि मी पाच फुटांची. माझी छाती साडेचार फुटांवर येतच नाही. म्हणजे माझी लाज गेली ती गेली, वर नऊ झाडांचे आकडे खोटे. हे मला घरी येऊन भाकरी थापताना कळलं. हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारवीची काठी तोडली. फीत लावून साडेचार फुटाला कोयत्यानं खाच पाडली. साहेबांच्या पुढं धरली.

"ह्यी घ्या. मी आता न्हाई उभारणार. आन कालची नऊ झाडं परत मोजाय पायजेत."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"तुझं काम फीत धरायचं. मोजायचं काय ते आम्ही बघू."

ती झाडं परत मोजली नाहीत. मला डोंगरावरनं काढलं. अक्षर बरं म्हणून कोल्हापूरच्या ऑफिसात फॉर्म उतरून काढायला बसवलं. रोज पहाटेची एसटी. आत तीन खुर्च्या रिकाम्या, मला व्हरांड्यात पोतं. "आत जागा नाही," असं सांगितलं. पाणी बाहेरच्या नळाचं. मी फॉर्म उतरवत राहिले. शेकड्यानं झाडं माझ्या हाताखालून गेली. ऐन, जांभूळ, हिरडा, अंजनी. वाईट वाटायचं, आणि कामाची गोडीही लागायची. दोन्ही एकदम.

मग अकरा नंबरचा प्लॉट आला. आमच्या वाडीच्या वरचा कडा.

फॉर्म भरलेला होता. मी वाचला. परत वाचला. मग दहा नंबरचा शेजारी ठेवला. तीच झाडं. तेच घेर. फक्त वरची पाच-सहा खाली आणि खालची वर केलेली. कड्यावर कुणी गेलंच नव्हतं. पावसाळ्यानंतर तिथं जळवा असतात, चढ उभा. साहेबांनी विश्रामगृहात बसून कडा भरला होता. शेवटी रकाना होता, तोडीच्या खुणा. तिथं लिहिलेलं, 'भरपूर. कारण: वाडीतील लोकांची जळणासाठी तोड.'

आमची वाडी. न बघता. मला तेच वाक्य माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात उतरवायचं होतं. आणि उद्या त्या ओळीवर बोट ठेवून कुणीतरी आमच्या बायांना डोंगर बंद करणार होतं.

मी पेन खाली ठेवलं. कोरा फॉर्म घडी करून पिशवीत टाकला आणि एसटी धरली.

बाला सांगितलं. त्यानं मान खाली घातली. "गप बस पोरी. माझं बी काम त्येंच्याच हातात हाय."

"मग मी लिवू व्हय, आपुन जंगल तोडलं म्हणून?"

बा त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठले तर तो कोयता कमरेला लावून उंबऱ्याशी उभा. "चल," म्हणाला. "ऊन व्हायच्या आत वर जाऊ."

दोन दिवस लागले. पाय जळवांनी रक्तबंबाळ. बा नाव सांगायचा, मी फीत लावायची, लिहायचं. झाडं साहेबांच्या फॉर्ममध्ये होती त्याच्या निम्मीही नव्हती. बाकीची नुसती तोडल्यावर उरलेली बुडख्यं. बानं एका बुडख्यावर हात फिरवला. वरचा भाग ताटासारखा सपाट. "करवतीचं काम हाय," म्हणाला. आमच्या वाडीत करवत कुणाकडं नाही. कोयत्याचा घाव तिरका असतो. थोडं पुढं ट्रकच्या चाकांच्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूला फांद्यांचे ढीग. मी जे दिसलं तेवढंच लिहिलं.

मी परत कोल्हापूरला गेले त्या दिवशी तपासणीला वरचे अधिकारी आले होते. मी व्हरांड्यात बसले नाही. चपला घालून आत गेले. साहेबांनी भरलेला आणि मी भरलेला, दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवले. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

अधिकाऱ्यांनी दोन्ही वाचले. मग मला म्हणाले, "तुला मोजायचा अधिकार कुणी दिला?"

मी माझा फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला.

"ज्येंला अधिकार हाय, त्यी वर गेलं न्हाईत साहेब. आता जावा. वाट मी दावते."

कुणी आलं नाही. माझा फॉर्म परत केला, अधिकृत माणसानं भरलेला नाही म्हणून. मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्या उन्हाळ्यात जाळपट्टे काढायला बाला बोलावलं नाही, पुढच्याही नाही. देशाच्या अहवालात आमच्या कड्याचा कुठला आकडा गेला, मला आजही माहीत नाही. बा गेला तोपर्यंत त्यालाही कळलं नाही.

पण त्या दोन दिवसांनी माझ्यात एक गोष्ट कायमची बदलली. तोवर मला वाटायचं, लिहिणारे ते आणि मोजली जाणारी आम्ही.

पुढं दोन हजार सालानंतर गावोगावी जंगल राखायच्या समित्या निघाल्या. आमच्या समितीत मोठ्या घरातली माणसं परस्पर आपलीच नावं घालून मोकळी झाली. मी ग्रामसभेत उभी राहिले. आरडाओरडा झाला. एकजण म्हणाला, "बाईमाणसाला झाडातलं काय कळतंय?" मी त्याला विचारलं, "तुमच्या बांधावर हिरडं किती हायती?" त्याला सांगता आलं नाही. मला आलं. त्या सभेत माझं नाव लागलं. आता वर्षातनं दोनदा वाडीतल्या बाया घेऊन मी डोंगर मोजते. कागद कुठं स्वीकारला जातो, कुठं फेकला जातो. आम्ही मोजतो.

मोजणीची माणसं अजून येतात. आता त्यांच्या हातात आकाशातनं जागा सांगणारं यंत्र असतं. गावात तक्क्याला टेकून तासाभरात फॉर्म भरतात आणि समितीच्या वतीनं माझी सही मागतात. मी कागद हातात घेते. विचारते, "पावणं, वर गेलता काय?"

गेले नसतील तर मी सही करत नाही. दम देतात, गोड बोलतात, चहा मागवतात. मी सही करत नाही. माझ्यामागं ही जागा जिला मिळंल तिलाही हेच सांगून ठेवलंय. चढल्याबिगर सही न्हाई.