बारा कोंबड्या आणि एक कोंबडा

आमच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. दापोऱ्यात केळीच्या बागांच्या कडेला आमचं घर, आणि सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत न येऊ देणाऱ्या. मी तुकईथडची. माहेरी आईच्या परसात कोंबड्या कायम असायच्या, पण लग्न होऊन आल्यावर मी ती गोष्ट सासरी फारशी काढली नाही.

नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मुलगी लग्न होऊन जळगावला गेलेली होती. घरात आम्ही तिघंच उरलो होतो. आठवड्यातून दोनदा बुऱ्हाणपूरला डायलिसिससाठी जायचं. पहिल्याच महिन्यात दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने कागद पुढे ओढला आणि काय खायचं, काय नाही ते लिहायला घेतलं. केळ्यावर तिने आडवी रेघ मारली.

"केला बिलकुल नहीं, अंकल."

"आमच्या घरी दुसरं हाये काय?" नवरा हसून म्हणाला. तिला ते समजलं नाही. तिने खाली लिहिलं, रोज चार अंडी, फक्त पांढरं. मशीन रक्त साफ करताना अंगातली ताकदही काढून नेतं, ती भरून काढायची म्हणून अंडी. पिवळं मात्र त्यांना चालणार नव्हतं.

सुरुवातीला मी दवाखान्यातून परतताना स्टँडजवळच्या गाडीवरून अंडी आणायची. पिशवीत वर पालक, खाली अंडी. पण त्या पोल्ट्रीच्या अंड्यांचा वास यांना सहन होईना. तोंडात घातलं की उलटी. एकदा आई भेटायला आली तेव्हा तिच्या कोंबड्यांची अंडी फडक्यात बांधून घेऊन आली. ती यांनी खाल्ली आणि पोटात राहिली. तेव्हाच ठरलं की कोंबड्या घरीच पाळायच्या.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चूल बाहेर मांड. भांडं बाहेर ठेव. आन् मले काही दाखू नको." एवढं म्हणून त्या देवघरात गेल्या. मुलासाठी त्यांनी काय गिळलं ते मला त्यांच्या पाठीवरून दिसलं.

किती कोंबड्या आणायच्या, हे ठरवायला मी आईला बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती. हे परसातल्या खाटेवर पडले होते. हाताच्या सुईच्या जागेवर पट्टी होती. आई भिंतीला टेकून बसली.

"चार अंडी पाह्यजे ना रोज? मंग चार कोंबड्या," मी म्हणाले.

"तुकईथडची पोरगी आन् असं बोलते?" आई म्हणाली. "गावठी कोंबडी काय रोज अंडं देते व? एक दिवसाआड देते. पंधरा-वीस दिवस देते, मंग खुडूक होऊन अंड्यावर बसते. पिलं काढले त दोन-अडीच महिने अंडं पाहू नको. आन् गावठी अंडं हे एवढंसं. दुकानाच्या चार अंड्याले घरचे सहा लागतीन."

तिने काडीने मातीत रेघा ओढल्या. घालणाऱ्या कोंबड्या, बसलेल्या कोंबड्या, मुंगूस नेईल त्या. आकडा चढत चोवीसवर गेला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "पाचच्या वर एक बी नको!" म्हणजे त्या सगळं ऐकत होत्या.

आई थांबली. काडी हातात तशीच धरून तिने विचारलं, "तसं पाह्यलं त थोड्याच दिवसासाठी पाह्यजे असतीन त घालणाऱ्याच आनू. खुडूक झाली का पाण्यात बुडवून काढायची, पुन्हा घालते. पिलं काढायची भानगड नको. पण लई दिवस पाह्यजे असतीन त कोंबडा लागते. जुन्या मरतीन, नव्या तयार व्हाव्या लागतीन. किती दिवसाचं काम हाये?"

तिने ते कोंबड्यांचंच विचारलं होतं, पण मी खाटेकडे पाहिलं. आईलाही मग कळलं, आणि ती मातीकडे पाहू लागली. 

खाटेवरून हे म्हणाले, "बारा कोंबड्या आना मामी. आन् कोंबडा बी आना."

आईने पदर तोंडाला लावला. "आनतो, जवाईबापू. चांगला तुरेवाला आनतो."

बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आले. यांनी खाटेवर बसून विटांचं खुराडं करवून घेतलं, कुठे फट राहिली ते बोटाने दाखवत. रोज पाच-सहा अंडी मिळू लागली. मी बाहेरच्या चुलीवर उकडायची, पांढरं यांना ताटलीत द्यायची, मिठाशिवाय. पिवळं उरायचं. पहिले काही दिवस ते मी कुत्र्याला टाकलं. मग अन्न असं टाकायचं बरं वाटेना. मी चुलीपाशी उभ्या उभ्या खाऊ लागले. रोज पाच-सहा पिवळी. घाईघाईने, कोणी पाहू नये अशी.

सहा-सात महिन्यांत माझे ब्लाउज दंडाला घट्ट झाले. यांची पँट मात्र दोरीने बांधावी लागत होती. इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो, तिथे नात्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, आणि तिने हळू बोलण्याची तसदी घेतली नाही, "नवरा पाहा कसा झाला, आन् हिच्याकडं पाहा, कशी भरली!"

दुसऱ्या दिवशी मी सगळी पिवळी राखेत फेकली. हे खाटेवरून पाहत होते.

"काऊन फेकलं?"

मी त्या बाईचं बोलणं सांगितलं. सांगताना रडले. 

"खाय तू," ते म्हणाले. "पुढं तुलेच उचला लागीन मले. ताकद पाह्यजे."

मी पुन्हा खाऊ लागले. पुढे खरंच उचलावं लागलं. खाटेवरून मोरीपर्यंत, मोरीतून खाटेपर्यंत, आणि दवाखान्याच्या दिवशी रिक्षापर्यंत. उचलताना माझा श्वासही फुलायचा नाही, इतके ते हलके झाले होते. त्याचीच मला लाज वाटायची.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा लागता लागता कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. ढोरांच्या दवाखान्यातल्या माणसाने मला आधीच सांगितलं होतं, कोंबड्यांना लस टोचून घ्या. तो गावात आला तेव्हा आमचा डायलिसिसचा दिवस होता. पुढच्या वेळी पाहू, असं मी म्हटलं, आणि पुढची वेळ राहून गेली. एका सकाळी खुराडं उघडलं तर दोन कोंबड्या मान पाठीवर वळवून गोल गोल फिरत होत्या. चार दिवसांत कोंबडा गेला आणि नऊ कोंबड्या गेल्या. तोपर्यंत वाढलेली पिलंही गेली. बागेच्या कडेला खड्डा करून, चुना टाकून मी त्या पुरल्या. हातपाय धुऊन परसात आले तर हे खाटेवर उठून बसले होते.

"किती ऱ्हायल्या?"

"तीन."

मी लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, महिनाभर खुराडं रिकामं ठेव, चुना मार, मग मी दहा तलंगा, कोवळ्या कोंबड्या, देते आणि कोंबडाही देते. फोनचा आवाज मोठा होता, यांना सगळं ऐकू गेलं.

"नको मामी," ते म्हणाले. "तीन बस झाल्या."

"तीन कशा पुरतीन?" मी म्हणाले. "तीन कोंबड्यांचं रोज एक अंडं धड होत नाही."

"एकच त खाऊ राह्यलो मी. ते बी सरत नाही."

ते खरं होतं. दोन महिन्यांपासून ताटलीतलं अर्धं पांढरं परत येत होतं आणि मी ते मुकाट्याने फेकत होते. मी आईला पुन्हा फोन केला, यांना ऐकू जाणार नाही असा, बागेच्या पार टोकाला जाऊन. तिला म्हटलं, तू दहाच्या दहा आण. ती आणेन म्हणाली. महिन्याने तिने आणल्या, नव्या, चमकदार पिसांच्या, अजून अंड्यावरही न आलेल्या. यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  पण रागावले नाहीत.

त्या तलंगा अंड्यावर यायच्या आधीच हे गेले. दवाखान्यात, सकाळच्या पाळीत, मशीन लावलेलं असताना.

तेराव्यानंतर आई कोंबड्या न्यायला आली. मीच तिला बोलावलं होतं. परसात तेरा कोंबड्या फिरत होत्या, आणि घरात दोन बायका, त्यातली एक अंड्याला शिवणारी नव्हती. आई डालं घेऊन परसात उभी राहिली.

"किती ठेवू?" तिने विचारलं.

"सगळ्या ने," मी म्हणाले.

सासूबाई मागच्या दारात आल्या होत्या. कोंबड्या आल्यापासून त्या परसात उतरल्याच नव्हत्या. त्या दिवशीही उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

"दोन ऱ्हाऊ द्या, इहीनबाई," त्या म्हणाल्या. "तिले लागते. दोन वर्षं चुलीपाशी उभी राहून खाऊ राह्यली ते. मले काय दिसत नव्हतं का?"

मी मान वर केली नाही. आईने एकेक कोंबडी धरून, पायांना दोरी बांधून डाल्यात घातली आणि दोन सोडून दिल्या. कोणत्या दोन, ते तिनेच ठरवलं.

मी तिला रिक्षाने बुऱ्हाणपूरच्या स्टँडवर सोडलं. खकनारकडच्या बसमध्ये कंडक्टर आधी डालं घ्यायला तयार नव्हता. आईने त्याच्याशी हिंदीत भांडण केलं, तेव्हा त्याने ते मागच्या सीटखाली सरकवलं. बस सुटेपर्यंत आईने खिडकीतून माझा हात धरला होता. 

घरी परत आले तेव्हा सासूबाईंनी भाकरी टाकून ठेवल्या होत्या, किती तरी महिन्यांनी. माझ्या ताटाशेजारी एका वाटीत उकडलेलं एक अंडं होतं, सालासकट, वरून दुसरी वाटी झाकलेली. बाहेरची चूल विझलेली, पण गरम होती. मी ते सोललं आणि पुढे बराच वेळ तसंच धरून बसले. त्या समोर बसून मुगाची आमटी-भाकरी जेवत होत्या.

"थंडं झालं," त्या म्हणाल्या.

मी ते खाल्लं नाही; पांढरं आजवर यांच्याच ताटलीत गेलं होतं.  अंड्याच्या वाटीसकट ताटं उचलून सासूबाईंनीच घासली.