मशीन आत, मी बाहेर

लाऊडस्पीकरच्या धंद्यात किस्से आपोआप साठतात. कारण वायर ओढणारा एकटा असतो आणि बटणं फिरवायचा हक्क सगळ्या गावाला! पालमला रशीदभाईंच्या दुकानात मी पंधरा वर्षं ऑपरेटर होतो. आज हसत सांगतो, पण तेव्हा डोकं लय फिरायचं.

*

चुडाव्याचं लग्न. मशीनचा, म्हणजे अँप्लिफायरचा, व्हॉल्यूम मी अर्ध्यावर ठेवलेला. नवरदेवाचा मामा तरातरा आला. "अर्ध्यावर का ठिवलंय? आमी काय अर्धे पाव्हणे हावोत?"

बटण गर्रकन शेवटपर्यंत! कर्णा फुस्स! वर मलाच दम, "मशीन डुप्लिकेट आणली का रं?"

*

देवगाव फाट्यावर एका पुढाऱ्याची सभा. ऐन रंगात आवाज गेला. वायर तपासत गेलो, तर पुढाऱ्याचीच जीप वायरीवर उभी. चाकाखाली वायरीचे दोन तुकडे!

"साहेब, गाडी जरा मागं घ्या."

"आधी वायर टाकायला शिक!" साहेब स्टेजवरून गरजले. रशीदभाईंनी हात जोडले, "गलती हमारी है, साहब."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "तेरे को गाडी दिखी. मेरे को उसमें बैठनेवाले दिखे."

*

मी बौद्धवाड्यातला. एका गावी सप्त्याला मशीन देवळात गेली, मला पायरीखालीच थांबवलं. कीर्तन सुरू झालं आणि कर्णा शिट्ट्या मारायला लागला.

मी बाहेरून ओरडलो, "डावीकडचं बटण कमी करा!"

आतून पाटील, "तुझ्या डावीकडचं का माझ्या?"

"मशीनच्या!"

"मशीनला कुठला आलाय डावा-उजवा?"

तासभर देवानं शिट्ट्या ऐकल्या. मी दहा पावलांवर उभा होतो!

*

पुढच्या वर्षी त्याच पाटलांना आठवलं, की मशीन मीच डोक्यावरून आणलीय. मग देवळात न्यायच्या आधी तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. चांगलं जाळीतून, आतपर्यंत! बटण दाबलं, फट! धूर!

रशीदभाई म्हणाले, "शुद्ध तो हो गई, बोलना भूल गई!"

तिथं मी पोट धरून हसलो. रात्री दुकानात तीच मशीन उघडून एकटाच पुसत बसलो, तेव्हा हसू आलं नाही.

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत आमच्याच वस्तीत सभा होती. भर दुपारी. माझी चुलती गिरजाकाकू जन्मात पहिल्यांदा माईकवर बोलणार होती.

कुणीतरी लाईट तोडली. मी बॅटरी लावली. काकू "आयाबायांनो" म्हणाली आणि आवाज गेला. कर्ण्याची वायर कापलेली! जोडली. पुन्हा कापली. तिसऱ्यांदा तर अख्खी वायरच ओढून नेली.

समोर चावडीच्या ओट्यावर गावातले पाच-सहा जण हसत बसलेले. एकाच्या मांडीवर आमच्या वायरीचं भेंडोळं. मी पक्कड घेऊन उठलो. काकूनं मला हातानं मागं सारलं.

माईक तिनं मशीनमधून उपटला. त्याची वायर धुळीत ओढत सरळ ओट्यापाशी गेली. हसणं थांबलं. भेंडोळंवाल्याच्या डोळ्यांत बघत तिनं माईक तोंडाशी धरला.

"हॅलो," काकू म्हणाली. "हॅलो. ऐकू यायलंय का?"