वर केलेला हात

ओळखीच्या माणसाचा हात चेहऱ्याआधीच ओळखू येतो. आमच्या भागातल्या माहितीपट महोत्सवात त्या दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांवरची फिल्म चालू होती. एका सोसायटीने त्यांना लिफ्ट वापरायला बंदी केली होती. ती निवडली होती आमच्या गटातल्या तरुणांनी. मी आणि मेधा ती पहिल्यांदाच पाहत होतो. पडद्यावर सोसायटीची मीटिंग आली, कुणीतरी मोबाइलवर टिपलेली. बंदीच्या बाजूने हात वर झाले. त्यांतला एक, जाड चांदीचं कडं घातलेला, मेधाचा होता. चेहरा कुणाच्या तरी मागे होता.

माझ्या शेजारच्या खुर्चीत ती हलली नाही. हा महोत्सव आम्ही दोघींनी उभा केला होता, दारोदार फिरून खुर्च्या मागून. अंधारात बसून पडद्याकडे बघताना अन्याय करणारी माणसं कुठेतरी लांब राहतात असं किती सहज वाटतं! मला तर वर्षानुवर्षं तिच्या शेजारी बसूनही तसंच वाटत आलं होतं.

फिल्मनंतर नेहमीप्रमाणे चर्चा तिनेच घेतली. आता सांगेल, मग सांगेल, म्हणून मी वाट पाहिली.

"फार अस्वस्थ करणारी फिल्म," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

हॉल रिकामा झाल्यावर मी विचारलंच.

"अगं, सगळ्यांनीच हात वर केले होते. मी एकटीने कशाला वाईट व्हायचं?" स्टुलावर चढून ती बॅनर सोडवू लागली. "ते टोक धर गं जरा."

मी धरलं नाही. तिला तशीच सोडून बाहेर पडले.