शेवटी येणाऱ्याची शेगडी

ग्रीक पुराणाची इतकी मनापासून खरडपट्टी काढणारा माणूस अख्ख्या बहारीनमध्ये, आणि मला वाटतं ग्रीसमध्येही, दुसरा नसेल. आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, एका बांधकाम कंपनीत तीस वर्षं स्टोअरकीपर. कामगारांना हेल्मेट, बूट, हातमोजे वाटायचं त्यांचं काम. साइटवरच्या एका ग्रीक इंजिनियरने चहाच्या सुट्टीत त्यांना एपिमिथियसची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून त्या बिचाऱ्या एपिमिथियसची धडगत राहिली नाही.

चाचा ती अशी सांगत: "बड्या साहेबानं प्राणी बनवले नि सामान वाटायला दोघा भावांना ठेवलं. धाकटा एपिमिथियस बोलला, मी वाटतो, तू मागनं चेक कर. तिथंच खलास. वाघाला नखं, सशाला पाय, पाखरांना पंख. स्टॉक बघायचा नाय, लायनीत किती उभे हायत ते बघायचं नाय. शेवटी माणूस आला. नागडा, अनवाणी, अंगाखाली बिछाना नाय. नि स्टोअर रिकामं." मग थोरल्या भावाने वरून आग चोरून माणसाला दिली, याबद्दल चाचांना आदर होता. पण "गेटपासशिवाय माल बाहेर काढला, मग शिक्षा म्हणून गरुड रोज कलेजी खाणारच" हेही ते न विसरता सांगत.

त्यामुळे कुठल्याही प्राण्याकडे ते निर्मळ मनाने बघूच शकत नसत. उंटाला गरजेपेक्षा जास्त माल गेलाय, असं त्यांचं ठाम मत होतं. कासवाला जन्मापासून फॅमिली अकोमोडेशन आणि आपल्याला तीस वर्षं बॅचलर रूम, याचा तर त्यांना खराच राग होता. एकदा सलमानिया हॉस्पिटलात माझं रक्त तपासायला गेलो, तेव्हा नर्सच्या हातातली सुई बघून मला म्हणाले, "डासाला बघ. एवढासा जीव. पंख पण दिले नि ही पण दिली."

इथून कायमचा घरी परतणारा माणूस सामान मागे ठेवून जातो. आमच्या इमारतीत ते चाचांच्या खोलीत जमा होई आणि नव्याने आलेल्याला तिथून गादी, कुकर, रजई मिळे. मी पुण्याहून आलो तेव्हा बॅगेत चार टाय होते आणि उशी एकही नव्हती. चाचांनी सगळं दिलं, वर विजेची शेगडीही दिली. स्वतःच्या पलंगामागे मात्र एक गादी आणि एक शेगडी ते कायम राखून ठेवत. "ही शेवटी येणाऱ्याची. मी काय एपिमिथियस हाय?"

मागच्या हिवाळ्यात चाचींचा व्हिजिट व्हिसा आला. तीस वर्षांत त्या पहिल्यांदाच येणार होत्या, आणि त्यांनी फोनवर बजावलं होतं, "घर बघीन. नाय आवडला तर दुसऱ्या विमानान परत." चाचांची झोप उडाली. बायकोला घर गोदामासारखं दिसू नये म्हणून त्यांनी एका दिवसात स्वतःच्या पलंगासकट सगळं वाटून टाकलं. त्याच आठवड्यात तीन नवे वेल्डर आले होते, त्यांतला शेवटचा राखीव माल घेऊन गेला. विमानतळाच्या वाटेवर गाडीत चाचांनी वाटलेला माल बोटांवर मोजला. मग हळूच म्हणाले, "लायनीत तुझी चाची पण होती रे."

चाचींनी दारातूनच खोली पाहिली. फरशी लखलखत होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "तीस वर्सा हे फोनवर सांगतायत, इथं सगळा हाय." चाचा मान खाली घालून उभे होते. मला त्यांच्याकडे तसं बघवेना. मी खाली पळत गेलो, माझी शेगडी उचलून आणली आणि वाटेत दिसेल त्या दारावर थाप मारत आलो. संध्याकाळपर्यंत सात शेगड्या, चार गाद्या आणि तीन वेल्डर त्या खोलीत दाटीवाटीने बसले होते. चाचींनी माझ्या शेगडीवर सगळ्यांना चहा केला. "एवढ्या लोकांचा संसार मांडलात," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नि मला बोलला नाय?" व्हिसा संपेपर्यंत त्यांनी परत जायचं नाव काढलं नाही.

या उन्हाळ्यात चाचा निवृत्त होऊन गावी गेले. जाताना चाचींनी चहा केलेली माझी शेगडी परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "शेवटी येणाऱ्याला ठेव." आता सामान माझ्याकडे जमतं. नवा माणूस आला की मी गादी देतो, कुकर देतो. शेगडी काही देववत नाही. चाचांची फार आठवण येते. स्टोअरकीपर म्हणून मला त्यांच्या नखाचीही सर नाही.