जयपूरची वही

माळा आवरताना दमट कागदाचा वास आला आणि जयपूरची वही हाती लागली. इंग्रजी सुधारावं म्हणून मी आणि शेजारची सुजाता पळसदरीच्या धरणावर बसून जयपूरच्या स्वस्तातल्या सहलीचा बेत या वहीत इंग्रजीतूनच आखायचो. जी मराठी बोलेल तिनं सगळा बेत पहिल्या दिवसापासून पुन्हा सांगायचा, हा मेला नियम माझाच.

त्या दिवशी धर्मशाळा ठरवताना ती काखेत हात दाबून म्हणाली, "इथं गाठ आल्यासारकी हाय गं. दुखत नाय, पन..."

"इंग्लिश!" मी ओरडले.

तिला शब्द सापडेना. मग हसून म्हणाली, "ओके. फर्स्ट डे, हवामहल."

गाठीला इंग्रजीत काय म्हणतात, ते मी वर्षभरानं तिच्या रिपोर्टवर वाचलं. तेव्हा तिला मराठीतही बोलवत नव्हतं.