पानसे सरांनी अंगावर घेतलेली चूक

गौरवग्रंथ समितीचे पत्र आले, 'सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त चार गोड शब्द लिहा.' गोड शब्द माझ्याकडे फारसे नाहीत, ते समितीने समजून घ्यावे.

डॉ. केशव पानसे मला प्रथम भेटले ते भोपाळच्या एका कारखाना-वसाहतीतल्या रुग्णालयात. मी पुण्याहून नवी आलेली, एमबीबीएसचा तोरा मिरवणारी. राउंडवर त्यांनी विचारले, आतडे कशाने अडते? मी घडाघडा सांगितले: जुन्या ऑपरेशननंतरची चिकटण, पीळ, गाठ, मुलांमध्ये जंत, हर्निया.

"पाठांतर छान आहे," सर म्हणाले. "पण हात पोटाशी थांबवू नका. जांघ पाहिल्याशिवाय पोट तपासून होत नाही."

मी ते पाळले नाही. एका सकाळी रामदुलारे नावाचा वेल्डर ओपीडीत आला. पोट फुगलेले, उलट्या, कळा येऊन जाऊन. "गैस है मैडम, गोली दे दो, ड्यूटी पे जाना है." त्याला पँट सैल करायची लाज, मला ती करायला सांगायची. मी गोळी दिली.

दुपारी त्याला उचलून आणले. कळ थांबली म्हणून बायकोला हायसे वाटत होते, सरांचा चेहरा मात्र उतरला; अशा वेळी कळ थांबते ती आतडे मरू लागल्यावर. जांघेतल्या हर्नियात आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. ऑपरेशनमध्ये हातभर आतडे काळे निघाले. सरांनी ते कापले, पण विष अंगभर पसरले होते. तिसऱ्या दिवशी रामदुलारे गेला.

चौकशीत कार्यालयाला एक नाव हवे होते. सरांनी लिहून दिले, 'विभाग माझा, जबाबदारी माझी.' त्यांची रुग्णालयाच्या प्रमुखपदाची बढती तिथेच बुडाली. मी रडत त्यांच्या नेहरू नगरच्या घरी गेले.

"सर, मी जाऊन खरं सांगते."

"तुम्ही प्रोबेशनवर आहात. नोकरी जाईल. त्यापेक्षा उद्यापासून नीट तपासा," ते म्हणाले आणि आत चहा सांगितला.

मी चहा प्यायले आणि गप्प राहिले. पुढे प्रमुखाच्या त्याच खुर्चीवर मी बसले. रामदुलारेची बायको बाजारात सरांना पाहून तोंड फिरवी आणि मला हात जोडून नमस्ते करी. मी तो नमस्कार घेत असे. सरांना डावलणारेच आज शाल-श्रीफळ घेऊन उभे आहेत, पण त्यांना नावे ठेवायला मला तोंड नाही.

सरांच्या मोठेपणाचे सगळ्यांना कौतुक आहे. मला तो जन्मभर टोचला. रामदुलारेला पहिल्यांदा मी तपासले होते. एवढे वाक्य समितीने कापू नये.

सर, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यातला एक दिवस मला द्या, आणि त्या दिवशी माझ्यावर मनसोक्त रागवा.