सावित्रीची दाढ आणि मुंग्यांवरचा खोटा आळ

दातांच्या डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला होता. सावित्रीने तोंड उघडलं होतं. मी मध्येच म्हणाले, "थांबा. ही दाढ आज काढायची नाही."

आमच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी दातांचा कॅम्प होता. नंदिगड्ड्याच्या बाजूच्या वाड्यांतून लोक चालत आले होते, व्हरांड्यात रांग होती. दातांचे डॉक्टर वैतागले. "मॅडम, दाढ पूर्ण किडलीय. दोन मिनिटांचं काम आहे."

मला अडवलं होतं ते गंगूआत्याच्या एका वाक्याने. ही सावित्रीची सख्खी आत्या, तिला सोबत म्हणून आलेली. डॉक्टरांनी विचारलं होतं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का? आत्या म्हणाली, "मुंग्यांची हाय. ह्या डाक्टरीणबाईंनीच सांगिटलंय. पर जपून काढा हो. हिच्या बापाची दाढ काढली आन् दुसऱ्या दिशी त्याचा घसा मिटला. त्यातच गेला."

हे वाक्य मी आधीही अर्धं ऐकलं होतं, आणि अर्ध्यावर तोडलंही होतं.

झालं होतं असं. पावसाळ्याआधी सावित्री ओठ आणि डोळे सुजवून आली. मी अ‍ॅलर्जी समजून इंजेक्शनं दिली. आत्या म्हणाली, "ही करणी हाय, बाई. आमच्या घराण्याला लागलीय. हिच्या बापाला पण..." करणी हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकं तापलं. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटतच मी लहानाची मोठी झाले. टेबलाच्या खणात स्वतः लिहिलेला एक गठ्ठा कायम असतो. त्यातलं एक आत्याच्या हातात दिलं आणि पंधरा मिनिटं भाषण केलं. बापाचं काय झालं, ते ऐकायचं राहूनच गेलं.

मग मी वैज्ञानिक कारण शोधायला लागले. सावित्री झाडांवरची तांबड्या मुंग्यांची घरटी काढते. तिची मुंग्यांची चटणी चार गावांत नावाजलेली. मी म्हटलं, सापडलं. मुंग्या बंद.

सूज तीन दिवसांनी उतरली. श्रेय मी इंजेक्शनला दिलं.

महिन्याने ती सुजलेला हात घेऊन हजर. "बाई, मुंगी बघिटली पण न्हाई."

"लपून चाटली असशील."

"हातानं चाटली व्हय? तोंड बरं हाय की माझं."

मी परत तेच इंजेक्शन दिलं. सूज परत तीन दिवसांनीच उतरली. खाज नव्हती, अंगावर गांधी नव्हत्या. अ‍ॅलर्जीत या दोन गोष्टी बहुतेक वेळा असतात. मी त्या केसपेपरवर 'नाही' अशा लिहिल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

आता कॅम्पच्या गर्दीत आत्याचं वाक्य पुरं झालं आणि सगळं जुळलं. मी दातांच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सावित्री गाल धरून माझ्यावर उखडली. "मुंग्या बंद केल्या, आता दाढ पण तशीच ठेवायची? माझं बरं करायचं तुमच्या मनात हाय का न्हाई?"

मी तिला बाकावर बसवलं आणि समजावलं. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते. जंतू शिरला की पहिलं प्रथिन जागं होतं, ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी सगळी मिळून जंतूला भोक पाडतात. या साखळीला आवरणारं एक प्रथिन असतं, सी-वन इनहिबिटर. काही घराण्यांत ते जन्मापासून कमी पडतं. रक्तवाहिन्या पाझरू न देणं हेही त्याचंच काम. ते कमी पडलं की पाणी बाहेर झिरपतं आणि सूज येते. अ‍ॅलर्जीची औषधं तिथे चालत नाहीत. दात काढल्याचं निमित्त झालं आणि सूज घशात आली, तर श्वास बंद.

सावित्रीने थोडा विचार केला. "म्हंजे भात राखल्यासारखं. डुक्कर आलं की एका माळ्यावरनं हाळी, मग दुसऱ्या, मग सगळा डोंगर वरडतोय. माझ्यात 'बास करा' म्हणणारा कमी पडलाय. व्हय न्हवं?"

कॉलेजात हे मला तीन लेक्चरनंतर कळलं होतं.

आत्याने विचारलं, "मग करणी न्हाई?"

"नाही. पण घराण्यात आहे, हे तुमचं खरं."

"तेच तर सांगत हुते. तुम्ही कागद दिला."

साखळी विनाकारण चालू राहिली की सी-फोर नावाचं प्रथिन खर्ची पडतं. ते रक्तात कमी आलं तर संशय पक्का. मी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना फोन लावला.

"सी-फोर? दाढेसाठी? मॅडम, आपलं केंद्र आहे, रिसर्च सेंटर नव्हे."

"सर, वडील दाढ काढल्यावर गेलेत."

साहेबांचा सूर बदलला. "सॅम्पल थंड ठेवून पाठवा. बेळगावच्या लॅबशी मी बोलतो."

लसीच्या डब्यात बर्फ भरून आमची नर्स स्वतः रामनगरमार्गे बेळगावला गेली. सी-फोर फारच कमी आलं. पुढची तपासणी बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलने केली. सी-वन इनहिबिटर कमी, निदान पक्कं. तोवर सावित्रीने गोळ्या खाऊन आणि मला शिव्या देऊन दाढ सांभाळली.

दाढ त्याच हॉस्पिटलात निघाली. आधी काही दिवस औषध, काढण्यापूर्वी प्लाझ्मा, आणि घशात नळी घालू शकणारा डॉक्टर शेजारी उभा. दोन दिवस तिला ठेवून घेतलं. गाल किंचित फुगला, घसा साफ राहिला. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला. पहिला प्रश्न चटणीचा होता. मी परवानगी दिली आणि मुंग्यांवरचा आळ मागे घेतला.

आत्याचं रक्तही तपासलं. तिचंही सी-फोर कमी. ही सूज आतड्यांनाही येते. तिचं पोट वर्षानुवर्षं अधूनमधून मुरडायचं आणि घरचे म्हणायचे, काम टाळते. रिपोर्ट तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरोघर दाखवला.

पत्रकं मी अजून वाटते. पण केसपेपरवर एक प्रश्न वाढवलाय : घरात आणखी कुणाला असं झालंय का? उत्तराला चार ओळी मोकळ्या ठेवल्यात. करणी, दृष्ट, देवचार, सांगतील ते आधी लिहून घेते. वाद घालायचा तो नंतर.